बुबुळावरची बुरशी आणि तासातासाचे थेंब

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, उजव्या बुबुळाला बुरशीचा संसर्ग झाला, तेव्हा सोलापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत आमच्यासमोर दोन प्रश्न अलग करून ठेवले होते. डोळा वाचेल का, हा पहिला आणि त्या डोळ्याने दिसेल का, हा दुसरा. उपचारांचा पहिला टप्पा फक्त पहिल्या प्रश्नासाठी आहे, दुसऱ्याचा विचार बुरशी पूर्ण गेल्यावरच करायचा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मात्र एकच गोष्ट विचारायची असे, ‘आता दिसतं का?’ पुढच्या काही महिन्यांत औषधांपेक्षा या प्रश्नाला उत्तर देणेच अधिक जड गेले.

आमची शेती मंगळवेढा तालुक्यात आहे. येथील ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण काढणीचे कष्ट त्यामुळे कमी झालेले नाहीत. मालदांडी ज्वारी अजूनही बऱ्याच ठिकाणी हाताने उपटली जाते, कणसे खुडली जातात आणि उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधल्या जातात. अशीच एक पेंढी आवळताना सुकलेल्या पानाची कड आत्यांच्या डोळ्याला लागली. क्षणभर पाणी आले, पदराने डोळा पुसला आणि काम पुढे सुरू राहिले. दुसऱ्या दिवशी डोळ्यात खुपत होते, तिसऱ्या दिवशी तेही कमी झाले, म्हणून तो विषय घरात कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

बुरशीच्या संसर्गाची लबाडी येथेच असते, हे मला नंतर समजले. बुबुळाचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचे वरचे पातळ आवरण शाबूत असेल, तर बुरशीला सहसा आत शिरता येत नाही, पण पानाच्या ओरखड्याने ते फाटले की त्याच पानावरचे बीजाणू थेट आतल्या थरात जातात. जिवाणूंचा संसर्ग अनेकदा एक-दोन दिवसांतच डोळा लाल करून टाकतो, तर बुरशी सावकाश वाढते आणि कधी कधी आठवडा उलटून गेल्यावर त्रास सुरू होतो. तोपर्यंत मूळ इजा विसरली गेलेली असते. आत्यांचा डोळा पुन्हा लाल झाला, उजेड सहन होईना, तेव्हा सर्वांना डोळे आले असावेत असेच वाटले. शेजारच्या एका बाईंनी एरंडेल सुचवले, दुसऱ्या कोणी बाळंतिणीचे दूध. आत्यांनी स्वतःच औषधांच्या दुकानातून थेंब आणले आणि त्या थेंबांनी दोन दिवस खरोखरच बरे वाटले.

ती बाटली सोलापूरच्या डॉक्टरांनी हातात घेऊन भिंगातून वाचली. त्यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होते. स्टेरॉइडमुळे लाली आणि ठणका उतरतो, कारण शरीराचा प्रतिकारच मंदावतो. बुरशीला याहून अधिक सोयीचे काही नसते. डोळा आतून बिघडत असताना वरून बरा दिसतो आणि योग्य उपचारांना उशीर होतो. अशा बाटल्या चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, ही गोष्ट डॉक्टरांनी फार काही न बोलता केसपेपरवर लिहून ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरून हे लिहिण्याची त्यांना सवय असावी असे वाटले.

त्यानंतरची तपासणी मी जवळून पाहिली. आत्यांची हनुवटी स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्राच्या, आधारावर टेकवली, डोळ्यात पिवळसर फ्लुरोसिन सोडले आणि निळ्या उजेडात जखमेची जागा हिरवी चमकली. बुबुळाच्या मध्याजवळ करडा-पांढरा, कोरडा, किंचित उंचावलेला डाग होता आणि त्याच्या कडा एकसंध नसून तंतूतंतूंनी बाहेर पसरलेल्या होत्या. मुख्य डागापासून थोड्या अंतरावर दोन बारीक ठिपके वेगळे दिसत होते. बुबुळामागच्या पोकळीत तळाशी पांढऱ्या पेशींचा पातळ थर साचला होता. डॉक्टरांनी कागदावर वर्तुळ काढून त्यात हे सर्व रेखाटले, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी लिहिली आणि तारीख घातली. पुढे प्रत्येक भेटीत असे नवे वर्तुळ काढले जाई आणि जुन्या वर्तुळाशेजारी ठेवले जाई. बरे वाटते की नाही, या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर त्या वर्तुळांमध्येच मिळत असे.

दिसण्यावरून बुरशी वाटते, पण दिसण्यावर भरवसा ठेवायचा नाही, असे म्हणून डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब घातले आणि बारीक पात्याने जखमेच्या तळातून व कडेतून खरवड घेतली. आत्यांनी माझे मनगट घट्ट धरले होते, पण दुखले नाही असे त्या नंतर म्हणाल्या. खरवडीचा काही भाग काचेच्या पट्ट्यांवर पसरला, उरलेला वेगवेगळ्या माध्यमांच्या ताटल्यांवर सी या इंग्रजी अक्षराच्या आकाराचे ओरखडे काढून लावला. वाढ त्या ओरखड्यांवरच झाली तर ती डोळ्यातली, इतरत्र कोठे झाली तर हवेतून पडलेली, असा त्या आकाराचा उपयोग असतो. एका पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला होता. त्याने डोळ्याच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे धागे उठून दिसतात. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तंत्रज्ञ मुलीने मला सूक्ष्मदर्शकात पाहू दिले. फिकट पार्श्वभूमीवर फांद्या फुटलेले, मध्ये आडव्या भिंती असलेले धागे एकमेकांवरून गेलेले होते. निदान अर्ध्या तासात झाले होते, फक्त बुरशीचे नाव कळायचे बाकी होते.

नाव काही दिवसांनी कळले, ते म्हणजे फ्युसॅरियम. ताटलीवरच्या ओरखड्यांवर पांढरी, मऊ वाढ झाली होती आणि तिच्यात विळ्याच्या आकाराचे बीजाणू दिसले होते. ही बुरशी मातीत आणि पिकांवर सर्वत्र असते. शेतकऱ्याला तिची ओळख मर रोगामुळे असते. भारतात बुबुळाच्या बुरशीजन्य व्रणांमध्ये फ्युसॅरियम आणि ॲस्परजिलस या दोन गटांचा वाटा मोठा आहे. थंड प्रदेशांत हाच आजार तुलनेने कमी असतो आणि तेथे कॅन्डिडा ही यीस्ट अधिक आढळते.

औषध मात्र नावाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी सुरू झाले होते. नाटामायसिन ५ टक्के, दर तासाला एक थेंब, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. नव्या, महागड्या औषधाऐवजी हे जुने औषध का, असे माझ्या यजमानांनी विचारले. त्यांनी मोबाइलवर व्होरिकोनॅझोलबद्दल वाचले होते. डॉक्टरांनी तमिळनाडू आणि पुद्दुचेरी येथील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीची माहिती दिली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ३२३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला नाटामायसिनचे आणि दुसऱ्याला व्होरिकोनॅझोलचे थेंब दिले गेले आणि जुने औषध सरस ठरले. नाटामायसिन घेणाऱ्यांची दृष्टी अधिक सुधारली, बुबुळाला छिद्र पडण्याचे प्रमाण कमी राहिले आणि हा फरक फ्युसॅरियमच्या रुग्णांत विशेष ठळक होता. प्रयोगशाळेत नवे औषध बुबुळात चांगले शिरते असे दिसले होते, म्हणून अनेकांची अपेक्षा उलट होती.

नाटामायसिनची अडचण वेगळीच आहे. ते पाण्यात विरघळत नाही. बाटलीत ते पांढऱ्या गाळाच्या रूपात तळाशी बसते आणि प्रत्येक वेळी नीट हलवले नाही, तर डोळ्यात नुसते पाणी पडते. शिवाय त्याचे रेणू मोठे असल्याने ते बुबुळाच्या खोल थरापर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणूनच डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी जखमेचा वरचा थर आणि त्यावरचे मृत ऊतक पात्याने खरवडून काढत. हा उपचाराचा जोड नव्हे, गाभाच आहे, असे ते म्हणत. मेलेला भाग निघतो, बुरशीचा भार कमी होतो आणि औषधाला आत जायला वाट मिळते. आत्यांना मात्र भरत आलेली जखम पुन्हा उकरली जाते आहे असे वाटे. ‘बरं व्हायला लागलं की ह्यो माणूस परत खरवडतो,’ अशी त्यांची तक्रार होती आणि ती ऐकून डॉक्टर हसत. पण पात्यात कधी ढिलाई करत नसत.

रुग्णालयातून घरी आल्यावर थेंबांची जबाबदारी माझ्यावर, माझ्या नणंदेवर आणि थोरल्या मुलीवर वाटली गेली. नणंद बार्शीहून मुद्दाम येऊन राहिली होती. वहीच्या पानावर तासांचे रकाने आखले, औषधांची नावे आडवी लिहिली आणि थेंब घातला की खूण करायची, असे ठरवले. नाटामायसिनखेरीज दिवसातून तीनदा होमॅट्रोपिन होते. त्याने बाहुली विस्फारून आतल्या स्नायूंचे आखडणे थांबते, ठणका उतरतो आणि बाहुलीची कड भिंगाला चिकटत नाही. जिवाणूंचा दुय्यम संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविकाचे थेंबही होते. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटे जायला हवीत, नाही तर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. थेंब बुबुळावर टाकायचा नसतो. खालची पापणी बोटाने ओढून तयार होणाऱ्या खोबणीत तो सोडायचा आणि बाटलीचे टोक पापणीला लागू द्यायचे नाही. नंतर डोळा अलगद मिटून ठेवायचा, चोळायचा नाही.

रात्री गजर वाजला की आत्या जाग्या होण्याआधीच बाटली हलवायला घ्यायची, अशी सवय झाली. औषधाचा पांढरा साका पापण्यांच्या केसांवर आणि डोळ्याच्या कोपऱ्यात सुकून बसे. पहिल्यांदा तो पाहून नणंदेला पू वाटला आणि ती घाबरली. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने, नाकाच्या बाजूकडून कानाकडे, एकदा पुसून तो बोळा टाकून द्यायचा. हे काम अवघड नाही, पण ते सतत करावे लागते आणि त्या सातत्याचाच ताण येतो. घरातल्या एखाद्याला पूर्णवेळ मोकळे ठेवणे ज्या कुटुंबाला परवडत नाही, त्यांच्याकडे हे औषध निम्म्या मात्रेत पडत असणार, हे उघड आहे. सोलापूरच्या प्रतीक्षाकक्षात भेटलेले एक ऊसतोड कामगार एकटेच आले होते. आरशाशिवाय स्वतःच्या डोळ्यात थेंब कसा घालायचा, ते परिचारिका त्यांना शिकवत होती. त्यांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

पहिल्या पंधरवड्यात वर्तुळे आशादायक होती. विस्कटलेल्या कडा गोलसर झाल्या, बाजूचे ठिपके नाहीसे झाले, तळाचा पांढरा थर उतरला. जखमेवरचे आवरण अजून भरले नव्हते, पण सततच्या थेंबांमुळे आणि खरवडण्यामुळे ते भरायला वेळ लागतो, त्यामुळे तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असे समजायचे नाही, असे सांगण्यात आले. याच सुमारास आत्यांनी त्या डोळ्याने खिडकीचा उजेड ओळखला आणि घरात आनंदीआनंद झाला.

त्यानंतर गाडी अडली. डाग रुंदीने वाढत नव्हता, पण खोल जात होता. बुबुळाच्या आतल्या पृष्ठभागावर पांढरा पापुद्रा दिसू लागला आणि तळाचा थर पुन्हा साचला. नवीन खरवडीत धागे मिळाले नाहीत, तेव्हा आम्हाला हायसे वाटले, पण डॉक्टरांना वाटले नाही. वरच्या थरात बुरशी न सापडण्याचा अर्थ ती खाली गेली आहे, असाही असू शकतो. त्यांनी आणखी एक शक्यता पडताळून पाहिली. पिथियम नावाचा एक जीव सूक्ष्मदर्शकात हुबेहूब बुरशी वाटतो, पण तो बुरशीच्या कुळातला नाही, म्हणून बुरशीची नेहमीची औषधे त्याच्यावर जवळजवळ निष्प्रभ ठरतात आणि तेथे लिनेझोलिड व अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंविरुद्धची औषधे वापरून पाहिली जातात. उपचारांना दाद न देणाऱ्या ‘बुरशी’मागे कधी कधी हे कारण निघते. आत्यांच्या ताटलीवर फ्युसॅरियम निःसंशय उगवले होते, त्यामुळे ती शंका फिटली.

पुढची पायरी बुबुळाच्या थरातच औषध टोचण्याची होती. व्होरिकोनॅझोलचे अत्यल्प प्रमाण, एका वेळी साधारण ५० मायक्रोग्रॅम, केसासारख्या बारीक सुईने डागाच्या भोवती पाच जागी सोडतात. औषध पसरते तसा तो भाग पांढुरका होतो आणि डागाभोवती औषधाचे कडे तयार होते. थेंब म्हणून नाटामायसिनपुढे मागे पडलेले हे औषध या मार्गाने खोल थरात थेट नेता येते, एवढाच त्यामागचा विचार आहे. त्याने हमखास गुण येतो असे कोणी म्हणत नाही, हेही आम्हाला सांगितले गेले. काही दिवसांच्या अंतराने ते पुन्हा दिले गेले. पोटात घ्यायच्या व्होरिकोनॅझोलच्या गोळ्यांबद्दल डॉक्टर सावध होते. गंभीर व्रणांत अशा गोळ्या जोडल्याने एकंदरीत फायदा दिसला नाही, असे भारत आणि नेपाळमध्ये झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत आढळले होते. मात्र त्यातल्याच फ्युसॅरियमच्या रुग्णांत थोडा फायदा असावा, असे आकडे सुचवत होते. गोळ्या महाग होत्या, यकृताच्या रक्ततपासण्या वरचेवर कराव्या लागणार होत्या आणि उन्हात त्वचेला त्रास होण्याची शक्यता होती. हे सगळे समोर ठेवून निर्णय आमच्यावर सोडला गेला. आम्ही गोळ्या घेतल्या. त्यांचा उपयोग झाला की नाही, हे एका रुग्णावरून कोणीच सांगू शकणार नाही.

अॅम्फोटेरिसिन बी या बुरशीविरुद्धच्या आणखी एका औषधाचे थेंबही मधल्या काळात सुरू झाले. ते शिरेतून द्यायच्या इंजेक्शनच्या भुकटीपासून रुग्णालयातच बनवून देत. थंड जागी आणि उजेडापासून दूर ठेवायचे, काही दिवसांत नवीन घ्यायचे. सोलापूरहून मंगळवेढ्यापर्यंत ती बाटली बर्फाच्या थर्मासमधून आणावी लागे. ते थेंब झोंबत आणि आत्या त्या बाटलीचे झाकण उघडल्याच्या आवाजानेच डोळा घट्ट मिटून घेत.

एका सकाळी डोळ्यातून एकदम पुष्कळ गरम पाणी आले आणि ठणका अचानक कमी झाला. आत्यांना वाटले आराम पडला. मला आधीच बजावून ठेवले होते, की असे झाले तर डोळ्यावर कापूस किंवा पट्टी दाबून न ठेवता, नुसते कडक आवरण लावून ताबडतोब निघायचे. बुबुळ इतके पातळ झाले होते की त्याला छिद्र पडले होते आणि डोळ्यातले पाणी बाहेर आले होते. छिद्र दोनेक मिलिमीटरपर्यंतचे असेल, तर सायनोॲक्रिलेट जातीच्या गोंदाने ते बुजवून वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवता येते. आत्यांचे मोठे होते आणि भोवतालचा भाग कुजलेला होता. बुबुळ बदलण्याखेरीज मार्ग नव्हता. सोलापुरात त्या दिवशी बुबुळ उपलब्ध नसल्याने आम्हाला पुण्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात पाठवण्यात आले.

येथे एक गोष्ट इतरांच्या उपयोगाची म्हणून नोंदवते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते आणि रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे लागते. माझ्या पगारामुळे आम्हाला त्याचा लाभ नव्हता, पण शेजारच्या खाटेवरील मुलाच्या आईवडिलांना ही तरतूद तेथे पोहोचल्यावर कळली आणि त्यांचे नातेवाईक दाखल्यासाठी गावाकडे धावले.

शस्त्रक्रियेसाठी मिळालेले बुबुळ नेत्रपेढीत साठवलेले होते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते काढावे लागते आणि नेहमीच्या एका साठवण माध्यमात ४ अंश सेल्सिअसला सुमारे ४ दिवस टिकते. मिळालेले बुबुळ पेशींच्या संख्येच्या दृष्टीने उत्तम दर्जाचे नव्हते, हे डॉक्टरांनी आम्हाला आधी सांगितले. दृष्टीसाठी करायच्या प्रत्यारोपणाला उत्तम बुबुळे राखून ठेवतात, तर संसर्ग काढून टाकण्यासाठी आणि डोळ्याचे छिद्र बंद करण्यासाठी कमी पेशींचे बुबुळही चालते. यजमानांना ही वाटणी खटकली. ‘आमच्या वाट्याला दुय्यम का?’ असे ते म्हणाले. मला ती न्याय्य वाटली, कारण ज्या जागी बुरशी परत येण्याचा धोका आहे, तेथे कोणाच्या तरी घरच्यांनी दुःखात दिलेले सर्वांत चांगले बुबुळ लावणे हा अपव्यय ठरला असता. दोन प्रश्न वेगळे ठेवायचे असतात, हे तेथे पुन्हा समोर आले.

गोल पात्याने रोगट भाग भोवतीच्या निरोगी कडेसह कापून काढला आणि तेथे दात्याच्या बुबुळाची किंचित मोठी चकती बारीक नायलॉनच्या सुट्या टाक्यांनी शिवली. काढलेल्या तुकड्याचा अर्धा भाग सूक्ष्मजीवशास्त्राकडे आणि अर्धा विकृतिशास्त्राकडे गेला. त्यात बुरशी होती, पण कापलेली कड स्वच्छ असल्याचा अहवाल आला. पट्टी काढल्यावर आत्यांनी पहिल्यांदा काय विचारले असेल, ते सांगायची गरज नाही.

इतर प्रत्यारोपणांनंतर नवे बुबुळ शरीराने नाकारू नये म्हणून लगेच स्टेरॉइडचे थेंब सुरू करतात. बुरशीसाठी केलेल्या प्रत्यारोपणात ते सुरुवातीला टाळतात, कारण कोठे एखादा धागा उरला असेल, तर त्याला तेच हवे असते. म्हणून नवे बुबुळ संरक्षणाशिवाय ठेवायचे, नाटामायसिन चालू ठेवायचे आणि पुनरागमनाची चिन्हे शोधत राहायची. काही आठवडे बुरशी परतली नाही, तेव्हा शरीराचा नकार आवरणाऱ्या सायक्लोस्पोरिनचे आणि पुढे अतिशय बेताने स्टेरॉइडचे थेंब आले. त्या बाटलीवरचे नाव वाचून माझ्या मुलीने आधी ती बाजूला काढून ठेवली होती. ज्या औषधाने घात केला तेच आता कसे, हा तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टरांनी तिला वर्तुळ काढून दाखवले, की बुरशी निघून गेल्यावर तेच औषध रक्षण करते, पण केव्हा आणि किती, हे रोज तपासून ठरवावे लागते.

नवे बुबुळ काही महिन्यांत धूसर झाले. हे अनपेक्षित नव्हते. डोळा वाचला, दुखणे थांबले, बुरशी गेली. त्या डोळ्याने आत्यांना उजेड कळतो, समोर हललेला हात कळतो, बोटे मोजता येत नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले आले आणि दुसऱ्याचे तूर्त नाही.

त्यानंतर त्यांच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला. तो कितीतरी वर्षे होता, पण दोन्ही डोळ्यांवर मिळून काम भागत असल्याने कोणी मनावर घेतले नव्हते. त्या शस्त्रक्रियेनंतर त्या तांदूळ निवडू लागल्या आणि पोथी वाचू लागल्या. ‘हा एवढा सोपा डोळा आधी का नाही केला?’ असे त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांनाच विचारले. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यातल्या एका प्रयोगाबद्दल त्याच भेटीत ऐकले. तेथे गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांनी डोळ्याला ओरखडा उठल्याबरोबर क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम देणे सुरू केले आणि १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी कोणालाही व्रण झाला नाही, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. आमच्या आशा कार्यकर्तीच्या पेटीत असे मलम नाही. मी तिला हे सांगितले, तेव्हा वरून आदेश आला तरच ठेवता येईल, असे ती म्हणाली आणि तेही खरेच आहे.

उजव्या डोळ्यात दृष्टीसाठी दुसरे प्रत्यारोपण करता येईल. डोळा दीर्घ काळ शांत राहिला आहे आणि आतला दाब ठीक आहे. पण एकदा प्रत्यारोपण झालेल्या डोळ्यात दुसरे टिकण्याची शक्यता कमी असते, थेंब वर्षानुवर्षे घालावे लागतात आणि वरचेवर पुण्याला जावे लागते. डावा डोळा चांगला चालत असताना एवढे ओझे घ्यायचे का, हे आत्यांनीच ठरवायचे, असे आम्ही ठरवले होते. त्यांनी दोन दिवस विचार करून नकार दिला. डॉक्टरांनी केसपेपरवर तसे लिहिले आणि पुढच्या भेटीत उरलेले टाके काढायची तारीख दिली.